रोजचं एक बोट पाणी

८ मार्च, रविवार

आज निळी घसरगुंडी उभी राहिली, म्हणून आजपासून रोजनिशी. आयुष्यात बिलबुकाखेरीज काही लिहिलेलं नाही. पण माणसाने स्वतःची बढाई मारायला एखादी जागा ठेवावी. घरात मारली की ही "पुरे" म्हणते.

तर नोंद असावी. मी गळतीवाला. एकतीस वर्षं टाक्या, हौद आणि गच्च्यांची गळती काढली. लोक मला गळतीमास्तर म्हणतात. मी बुजवलेली भेग पुन्हा उघडल्याचं एकही उदाहरण नाही. एक आहे, पण तिथे इमारतच खचली होती.

गेल्या वर्षी दुकान विकलं आणि बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची जागा घेतली. दुसऱ्याचं पाणी अडवून कंटाळा आला होता, म्हटलं आता स्वतःचं साठवू. तीन हौद, दोन घसरगुंड्या आणि एक लोखंडी छत्री, जिच्या कडांवरून पाणी पडतं. वॉटर पार्क छोटंच आहे, पण त्यातला एकेक सांधा माझ्या हाताखालून गेलाय. ३ मे ला, शाळांना सुट्टी लागते त्या रविवारी उघडायचं. सुट्टी हुकली तर वर्ष हुकलं, आणि दुसरं वर्ष वाट बघण्याइतकं आमच्याकडे काही उरलेलं नाही. हे वाक्य हिला दाखवायचं नाही.

भागीदार माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. तिकीट, दर, जाहिरात त्याच्याकडे. पाणी माझ्याकडे.

१२ मार्च, गुरुवार

घसरगुंडीची चाचणी. आधी सत्तर किलोचं वाळूचं पोतं सोडलं. पोतं असं सुरेख उतरलं की फिटरने टाळ्या वाजवल्या. म्हणाला, "मालक, आता पहिला मान तुमचा."

मी म्हटलं, मालकाने सगळ्यांदेखत घसरत येणं बरं दिसत नाही. मग मेहुणा गेला. वरून खाली येईपर्यंत त्याने आईला, ताईला आणि झाडून सगळ्या देवांना हाका मारल्या, आणि उतरणीच्या हौदात (म्हणजे घसरगुंडी जिथे संपते तो छातीइतक्या पाण्याचा छोटा हौद, चाचणीपुरता भरला होता) घसा भरून पाणी प्यायला. वर येऊन म्हणतो, "भाऊजी, मस्त आहे!" नाकातून पाणी गळत होतं.

ही चहा घेऊन आली होती. फिटरला विचारत बसली, हात कुठे ठेवायचे, पाय कसे ठेवायचे.

"छातीवर घडी, वहिनी. घोट्यावर घोटा. आणि मान उचलायची नाही."

"आणि खाली आलं की?"

"श्वास धरायचा आणि सरळ उभं राहायचं. कमी पाणी आहे, बुडत नाही कुणी."

हिला नसत्या चौकशा फार. चहा गार झाला.

१६ मार्च, सोमवार

काल मेहुण्याबरोबर दुसऱ्या शहरातलं मोठं वॉटर पार्क बघून आलो. लोक पाणी बघत होते, मी लोक बघत होतो. मोजलं. मुलांबरोबर आलेल्या बायका त्रेचाळीस. त्यातल्या चौतीस काठावर. हातात टॉवेल, खांद्याला चपलांच्या पिशव्या, बसायला धड जागा नाही, उन्हात उभ्या. आणि तिकीट मात्र पूर्ण भरलेलं! त्यांचे चेहरे वैतागलेले होते ते या अन्यायानेच.

परतीच्या रस्त्यावर मला कल्पना सुचली. आपल्याकडे तीन दर. मोठ्यांना तीनशे, लहानांना दोनशे आणि नुसतं बघणाऱ्यांना शंभर. त्यांना सावली, पाठ टेकायला बाक, पंखा.

मेहुणा म्हणाला, "बघायचे पैसे कोण देतं, भाऊजी?"

"सिनेमा बघायचे देतात की."

मग म्हणाला, असं कुणीच केलेलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

घरी हिला सांगितलं. मला वाटलं होतं, ही खूश होईल. जगात पहिल्यांदा कुणीतरी काठावरच्या बाईचा विचार केला होता. ही भांडी विसळत म्हणाली, "आणि बघणारीला मधेच उतरावंसं वाटलं तर?"

"तर वरचे दोनशे भरायचे. पण असं होत नाही. मोजलंय मी."

"हं," ही म्हणाली.

२१ मार्च, शनिवार

बाक झाले. अठरा. पाठीचा कोन मी स्वतः ठरवला, म्हणजे मान न वळवता तिन्ही हौद दिसतात. कोपऱ्यातला एक, सर्वांत गार, हिच्यासाठी राखीव. बसवून दाखवला.

"छान आहे," ही म्हणाली. थोड्या वेळाने, "किती वेळ बसायचं असतं?"

मी म्हटलं, हवा तेवढा. तू मालकीण आहेस.

२८ मार्च, शनिवार

आज तिन्ही हौद भरले!

तीन महिने सिमेंट बघून डोळे करडे झाले होते. आज पाणी चढत गेलं आणि तळाच्या फरशा हलायला लागल्या. फिटर, मेहुणा आणि मी काठावर उभे राहून बघत राहिलो. मला रडू आलं हे लिहून ठेवतो. क्लोरीनचं नाव सांगून डोळे पुसले.

घरचीही एक चांगली बातमी. ही सोमवारपासून पहाटे पाचला फिरायला जाणार. गुडघ्यासाठी डॉक्टर वर्षभर ओरडत होते, शेवटी ऐकलं. बरोबर शिवणवाली आणि शेजारच्या खेळाच्या बाई, म्हणजे शाळेत खेळ शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. शिवणवालीकडे हिने कापडही टाकलंय. गडद निळं, गुळगुळीत. कपडे बदलायच्या खोल्यांना पडदे म्हणे. पडद्याला इतकं ताणलं जाणारं कापड कशाला, पण बायकांच्या खरेदीत मी पडत नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

लिहायला हात धजत नाही. उतरणीचा हौद गळतोय.

रोज संध्याकाळी मी हौदाच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारतो. रोज सकाळी आठला पाणी रेघेखाली एक बोट. बाकीचे दोन हौद ठणठणीत. वाफ म्हणावी तर वाफ तिन्हींतून गेली असती.

कुणाला सांगितलेलं नाही. गळतीमास्तराचाच हौद गळतो म्हणजे न्हाव्यालाच टक्कल.

६ एप्रिल, सोमवार

कोपऱ्याकोपऱ्यात रंगीत पाणी सोडून बघितलं. भेग असली तर रंग तिकडे ओढला जातो. रंग आपला तरंगत राहिला. दिवसभर पाणी हलत नाही, रात्रीतून जातं. अशी गळती मी एकतीस वर्षांत पाहिली नाही.

राखणदार पहाटे पाचला घरी जातो. त्याला विचारलं, काही आवाज वगैरे? म्हणाला, "परवा डबा विसरलो म्हणून परत आलो, तर आतून शिट्टी ऐकू आली. कुत्र्याला हाकत असेल कुणी."

शिट्टी! पाइपात हवा कोंडली की अगदी तसाच आवाज येतो. उद्या हवा सोडायची कळ बसवून घेतो.

९ एप्रिल, गुरुवार

कळ बसवली. एक बोट गेलंच. आता मीटर म्हणतो, विजेचाही खप जास्त आहे, पंप आम्ही लावतो त्यापेक्षा रोज तासभर जास्त चाललाय. फिटर शपथेवर सांगतो, मी आठच्या आधी बटण दाबत नाही. म्हणजे पाण्याबरोबर वीजही गळते आहे. दोन्हींचं मूळ एकच असणार.

शेवटी मेहुण्याला सांगावं लागलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "भाऊजी, कुठेतरी पाणी मुरतंय."

मी म्हटलं, अरे, तेच तर शोधतोय!

हौद रिकामा करतो आहे. आत उतरून बोटाने एकेक सांधा तपासणार. रिकाम्या हौदात मला कसं अगदी घरी आल्यासारखं वाटतं.

१२ एप्रिल, रविवार

भेग सापडली नाही. तरी संबंध हौदाला तिसरा थर दिला, आणि सुकल्यावर भरला. कंबर धरली आहे. हिने तेल लावून दिलं. हिचा स्वतःचा गुडघा आता इतका सुधारलाय की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते. फिरण्यासारखा व्यायाम नाही. फक्त रोज सकाळी केस धुण्याचं खूळ कुठून आलं कळत नाही. सर्दी होईल म्हटलं तर हसते.

१४ एप्रिल, मंगळवार

जिंकलो! काल आणि आज, पाणी रेघेवर. केसभर हललं नाही. मीटरसुद्धा शहाण्यासारखा चालला. तिसऱ्या थराची कमाल. मेहुण्याला फोन करून तीनदा सांगितलं. हिला सांगायचं राहिलं. ही दोन दिवस लेकीकडे गेलीये, उद्या येईल. चहा स्वतः करून प्यालो. वाईट झाला होता, पण आनंदात गोड लागला.

१६ एप्रिल, गुरुवार

एक बोट.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज खरं लिहितो. मला भीती वाटते आहे. दुकान विकलं तेव्हा नाही वाटली. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की पाणी खोटं बोलत नाही, ते कुठून तरी जातंच, बघणाऱ्याला दिसत नाही एवढंच. आता ज्याला दिसत नाही तो मी आहे. कदाचित माझं वय झालं. कदाचित मी कधीच एवढा हुशार नव्हतो आणि लोकांच्या टाक्या आपोआप बऱ्या होत होत्या.

त्यात तपासनिसाचं पत्र. सोमवारी येऊन तिन्ही हौदांवर सहीनिशी रेघ मारणार. तीन दिवस पाणी त्या रेघेवर राहिलं तर परवाना, नाहीतर पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, म्हणजे जून. म्हणजे सुट्टी संपली.

जेवताना हे सगळं बोलून टाकलं. ही वाढता वाढता थांबली. मीच म्हटलं, अगं, तू कशाला जिवाला लावून घेतेस?

"तीन दिवस म्हणजे सोमवार ते गुरुवार?"

"हो."

"राहील पाणी," ही म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मला वाटतं." आणि ताट न उचलताच शिवणवालीकडे गेली. म्हणे, पडद्याचं काम राहिलंय.

२३ एप्रिल, गुरुवार

परवाना मिळाला!!

सोमवारची रेघ, आज सकाळी पाणी बरोबर रेघेवर. तपासनिसाने भिंग काढून बघितलं. म्हणाला, "इतका घट्ट हौद मी या वर्षात पाहिला नाही." मी म्हटलं, तीन थर आहेत. त्याने थरांची कृती लिहून घेतली! माझी कृती, सरकारी वहीत!

गळती का थांबली ते मला कळलेलं नाही, हे फक्त इथे लिहितो. बहुधा तिसरा थर हळूहळू पकडत गेला.

ही मात्र सोमवारपासून फिरायला गेली नाही. गुडघा पुन्हा धरलाय म्हणते. चार दिवस खिडकीत बसून होती. परवान्याचा कागद दाखवला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याआधी तिचेच डोळे भरले. आमचं सुख-दुःख एकच आहे, याचा मला अभिमान वाटला.

२९ एप्रिल, बुधवार

दरांची पाटी रंगवून आली. मोठी अक्षरं, निळ्यावर पांढरी. "नुसतं बघणारे" यापुढे रंगाऱ्याने आपल्या मनाने एक चित्र काढलंय: बाई, बाक, मांडीवर पिशवी. चित्र हुबेहूब.

ही पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पुरुष का नाही काढला?"

"अगं, बघणाऱ्या बायकाच असतात."

"तुम्ही मोजलंत तेव्हा त्यांना विचारलंत?"

"काय विचारायचं? दिसतच होतं."

"तुम्हाला सगळं दिसतं," ही म्हणाली, आणि चालू लागली. गुडघा बरा दिसला. उद्घाटनाच्या धावपळीत माणसं चिडचिडी होतात, मी मनावर घेतलं नाही. थोडं घेतलं.

३ मे, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दहाला फाटक उघडलं. रांग रस्त्यापर्यंत. अकरापर्यंत बघणाऱ्यांची बासष्ट तिकिटं गेली. बाक भरले, पाठी टेकल्या, पंखे फिरले. मेहुणा खिडकीतून मला अंगठा दाखवत होता. मी उतरणीच्या हौदापाशी कमरेवर हात ठेवून उभा होतो. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो.

तेवढ्यात खिडकीपाशी मेहुण्याचा आवाज चढला. "ताई, तुझ्याकडून कसले पैसे घेऊ?"

"घे. मोठ्यांचं एक."

"बघणाऱ्यांचं म्हणायचंय का तुला?"

"मोठ्यांचं," ही म्हणाली. मागे शिवणवाली, खेळाच्या बाई आणि आणखी तिघी. सहाही जणींच्या अंगात घोट्यापासून मनगटापर्यंत एकाच गडद निळ्या कापडाचे पोशाख. ते पडदे.

मी तिथे पोहोचेपर्यंत ही जिना चढून वर गेलेली. मी खालून ओरडलो, "अगं, खाली ये आधी!"

आली. छातीवर हातांची घडी, घोट्यावर घोटा, मान टेकलेली. मेहुणा ओरडत आला होता, ही तोंडातून चकार शब्द न काढता आली. पाण्यात गेली, सरळ उभी राहिली, चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला आणि मागच्या बाईला वाट द्यायला बाजूला झाली. पहिल्यांदा उतरणारं माणूस बाजूला होत नाही. धडपडतं, खोकतं, कठडा शोधतं. हे मला मेहुण्याची चाचणी आणि त्या मोठ्या पार्कातले लोक बघून माहीत होतं.

हौदातलं पाणी कडेवरून बाहेर आलं आणि माझ्या बुटांत शिरलं.

मग शिवणवाली. पुन्हा बुटांत पाणी. खेळाच्या बाईंनी गळ्यातली शिट्टी वाजवली आणि तिसरी सुटली. मी भिंतीकडे बघितलं, पाणी रेघेखाली जात होतं. सहा बायका, प्रत्येकी आठ-दहा फेऱ्या, दर फेरीला कडेवरून चार तांबे. एक बोट. एकतीस वर्षांचा अनुभव, भिंग, रंग, तीन थर, आणि काखेत कळसा गावाला वळसा!

राग आला का? आला. तो चौथ्या बाईपर्यंत टिकला. पाचवी उतरताना मला ते चार दिवस आठवले, ही खिडकीत बसलेली. सहावी उतरली तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मी म्हटलं, "ती पहिली होती ना, ती माझी बायको."

पुढचं मेहुणाच रंगवून सांगेल. बाकांवरच्या बायका आधी पुढे वाकल्या. मग एक उठली. मग तिकिटाच्या खिडकीपाशी वरचे दोनशे भरणाऱ्यांची रांग. चारपर्यंत बासष्टांतल्या एकेचाळीस पाण्यात, आणि अठरा बाकांवर पिशव्या सांभाळत त्यांचे नवरे. मेहुणा हर्षाने वेडा झाला, म्हणतो हाच दर ठेवू, दोनदा तिकीट. मी नाही म्हटलं. उद्यापासून मोठ्यांना सरसकट अडीचशे. बसायचं त्याने बसावं, उतरायचं त्याने उतरावं. कोण बघणारं आणि कोण उतरणारं हे फाटकात ठरवून घेणारे आपण कोण? पाटी उतरवून ठेवली आहे.

संध्याकाळी घरी हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

ही केस पुसत होती. "तीस वर्षं तुमच्या टाक्यांच्या तोंडाशी उभं राहून टॉर्च धरला. तुम्ही आत, मी काठावर. तुम्ही मला बाक करून दिलात, सावली केलीत, पंखा लावलात. उतरतेस का, एवढं विचारायचं राहिलं. म्हटलं, आधी जमतंय का ते बघू. नाही जमलं तर तुमच्या बाकावर बसू, कुणाला कळणार नाही."

"माझी झोप उडाली होती गं. मी हौद फोडायला निघालो होतो."

"मला कुठे माहीत होतं की आमच्यामुळे पाणी जातंय? तुम्ही तरी कुठे सांगितलंत? त्या दिवशी जेवताना बोललात, त्याच पावली शिवणवालीकडे गेले. सांगणारच होते तुम्हाला. पण तुमचा तो चेहरा बघून म्हटलं, आधी परवाना होऊ दे. मग तुम्ही तिसऱ्या थरावर इतके खूश, की म्हटलं, राहू दे."

मी म्हटलं, तू फार सुंदर उतरलीस. तिचं इतकं स्पष्ट कौतुक मी दुसऱ्या कशाबद्दलही कधी केलेलं नाही. ती लाजली, आणि मग म्हणाली, "तुम्ही कधी उतरणार?"

"मी एकतीस वर्षं हौदातच उतरतोय."

"रिकाम्या."

जी गोष्ट मी या वहीतसुद्धा लिहिली नव्हती, ती लिहितो. मला पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझा श्वास अडकतो. मला वाटत होतं, हे जगात मला एकट्यालाच माहीत आहे.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"लग्न झालं त्या वर्षीपासून. शेवटची बादली बाहेर आल्याशिवाय तुम्ही शिडीवर पाय ठेवत नाही."

पार्क उद्याही दहाला उघडतं. पाचला मी आणि ही. खेळाच्या बाईंनी निरोप दिलाय, पहिल्या दिवशी नुसतं पायरीवर उभं राहायचं, पाणी पोटऱ्यांपर्यंत, हात बायकोच्या हातात. मी म्हटलं, मला घालायला काही नाही. ही कपाटापाशी गेली. शिवणवालीने सातवा पोशाख मार्चमध्येच शिवून ठेवला होता, माझ्या मापाचा.